शेवटच्या फेरीनंतर

सांजावांच्या आठवड्यात
पोवळीचा नवरा आमच्याच फेरीबोटीतून आला.
डॉक्टर केंक्र्यांच्या स्कूटरवर,
दोन पायांमध्ये ठेवलेल्या थंडगार डब्यात,
काडीएवढ्या नळीत बसून.
रँप मीच खाली सोडला.
दुचाकीला तिकीट नाही,
म्हणून बैलालाही नाही.

कुमुदने तारीख लिहिली
माझ्या भरती-ओहोटीच्या तक्त्यावर,
जिथे ती दुधाचा हिशोबही लिहिते
आणि मी कुरकुरतो.

मग कितीतरी दिवस काहीच झालं नाही.
चरली, बसली, रवंथ केला.
चवथीला माटोळीतून निखळलेलं तोरिंजन
सालासकट खाल्लं.
गोरवांच्या पाडव्याला तिच्या गळ्यात माळ घातली,
ती शेजारच्या रेडकाने ओरबाडली.
शिगम्याच्या ढोलांना मात्र ती दचकली,
आणि तिच्या उजव्या कुशीत
आणखी काहीतरी दचकलं.
माझा तळहात तिथेच होता.
मी कुमुदला हाक मारली नाही.
थोडा वेळ ते मला एकट्याला हवं होतं.

चैत्रात कास तटतटली.
शेपटीच्या मुळाशी दोन्हीकडे खळगे पडले,
ओहोटीला मानशीपाशी चिखल खचतो, तसे.
वाड्यावर सगळीकडे बोंडूंचा आंबूस वास,
आणि पोवळी कशालाच तोंड लावीना.

त्या रात्री शेवटची फेरी मी बांधली.
घरी आलो तर गोठ्यात बॅटरीचा उजेड,
पाण्याची पिशवी फुटलेली,
आणि बाहेर दोन खूर.
तळवे आढ्याकडे.

डॉक्टर पलीकडे, रायबंदरला.
मधे मांडवी.
आणि मांडवी ओलांडायची वस्तू
मीच दोरखंडांनी जखडून आलेलो.

एस्पेरान्सबाय आली, गाऊनवर टॉवेल टाकून.
बाळंतिणींच्या वॉर्डात ती तीस वर्षं आया होती.
"हजार भुरगीं काडल्यांत हांवें," म्हणाली,
"हें मात्शें व्हड."
कोपरापर्यंत खोबरेल चोपडलं, आत चाचपलं.
"फाटले पांय," म्हणाली. "दोर?"

दोर माझ्या खांद्यावरच होता.
हातांनी मला न विचारता गाठ मारली,
जी मी रोज धक्क्यावरच्या खुंटाला मारतो:
ताणली की आवळते, सैल सोडली की सुटते.
"ती कळ देता तेन्ना ओड. ती रावली, राव."
बोटीवर हे मला कोणी शिकवलं नव्हतं.
तिथे इंजिन ओढतं, आणि मी फक्त ओरडतो.

ओढ. राव.
ओढ.
राव, राव, राव.

मग कंबर सुटली आणि ती किंचाळली,
"आतां रावूं नाका!"
माझी टाच शेणावरून घसरली,
कुमुदने मला मागून कवळा घातला,
आणि आम्ही तिघंही पडलो,
मांडीवर ते, ऊन, बुळबुळीत,
गप्प.

गप्प.

एस्पेरान्सबायने पेंढ्यातली एक काडी उचलली,
त्याच्या नाकपुडीत सारली, फिरवली.
पुन्हा फिरवली.
कुमुद सांतेरीचं नाव घेत होती,
एस्पेरान्सबाय सायबिणीचं,
मी कोणाचं घेत होतो ते आठवत नाही.

ते शिंकलं.

एक वाजून सत्तेचाळीस मिनिटं.
तक्त्यात भरती एक एकावन्नला होती.
कुमुद म्हणते, त्याचा ह्याच्याशी काही संबंध नाही.
नसेल.

तिने शेपटी उचलून पाहिलं.
"पाडा," म्हणाली,
आणि आम्ही दोघं हिशोबाचा तक्ता आठवून
जरा वेळ बोललो नाही.
पोवळी चाटत होती.
शेपटीकडून सुरुवात करून, सावकाश,
जणू पत्ता वाचत होती.

पहाटे वार पडली, ती मी फणसाखाली खोल पुरली.
चिकाची पहिली धार रोयणीला,
दुसरी एस्पेरान्सबायच्या डब्यात.

सहाच्या फेरीवर डॉक्टर.
रँप मीच खाली सोडला.
हातांना अजून तोच वास.
"किती वाजता?" विचारलं. सांगितलं.
"मागचे पाय? आणि जगलं?" सांगितलं.
त्यांनी पुस्तिका काढली.
"बापाचा नंबर आठवतो?"

नाही, डॉक्टर, म्हटलं.
त्याने तिकीट काढलं नव्हतं.